दोन विमानांची भेट

१७ जानेवारी १९३९, मंगळवार

आज नवऱ्याने मला मारलंच होतं! हाताने नव्हे — विमानाने.

उतरायला येत होते. इंजिनाचा जोर कमी केलेला, माळ डाव्या हाताला, गावच्या संत अज्जांच्या समाधीचा पांढरा घुमट डाव्या पंखापलीकडे — सगळं विमान शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं तसं. शेवटचं वळण घेणार, तोच समोर पिवळं विमान! ईरण्णाचं. (इथे नाव लिहिते. घरात ‘अवो’ म्हणते तेवढं पुरे.) उलट्या बाजूने, घुमटाला उजवी फेरी घालत, थेट माझ्या अंगावर. मी दांडा उजवीकडे लोटला. माझं निळं विमान पार आडवं झालं. त्याच्या चाकांना लागलेली काळी माती दिसली मला, इतक्या जवळून. आणि त्याने? बोटभरही वाट बदलली नाही. आला तसा सरळ गेला!

उतरल्यावर पंखाला टेकून उभी राहिले आणि ओरडले. मेकॅनिकसमोर, गड्यांसमोर, सगळ्यांसमोर. लाज गेली तर जाऊ दे, जीव चालला होता!

ईरण्णा काय म्हणतो? “तू बाजूला झालीस की! एकानं बाजूला झालं की झालं. कामून ओरडायलीस?”

आणि सगळ्यात भयंकर — समाधीपाशी जमलेली माणसं टाळ्या वाजवत होती!

१८ जानेवारी

मामंजी म्हणाले, “बाईमाणसाचा हात, डगमगतोच.” मी म्हटलं, डगमगला नाही मामंजी, फिरवला. म्हणून तुमचा मुलगा आत जेवतोय. अत्तींनी — सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो — ओढून आत नेलं. वर भाकरीवर तूप जास्त वाढलं. त्यांचं असंच असतं.

२० जानेवारी, शुक्रवार

डोकं थंड होईना. लिहून काढते.

मास्तर मुंबईहून आले होते, दिवाळीपर्यंत राहिले. मामंजींनी गुलबर्ग्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कमाईतून दोन विमानं घेतली, माळ सपाट केला, मास्तर ठेवले, सगळं हौसेपोटी. ईरण्णा शिकला. मीही शिकले, कारण लग्नाआधीच मी अट घातली होती की तो उडणार असेल तर मीही. तेव्हा मामंजींना गंमत वाटली होती. गुलबर्ग्याला चारचौघांत मिशीवरून हात फिरवत सांगायचे, “आमची सून उडती!”

मास्तर एकच गोष्ट रोज बजावायचे. माळ नेहमी डाव्या हाताला. सगळ्यांची वळणं डावी. खाली असलेल्याला आधी उतरू द्यायचं. आणि चुकून समोरासमोर आलाच तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं — दोघांनीही! एकाने नव्हे. वर ना घंटा आहे ना हाक ऐकू जाते. समोरचा काय करणार हे आधीच ठाऊक असेल तरच जीव वाचतो.

मास्तर गेले आणि आमच्या स्वारीला भक्ती सुचली! माळाच्या काठालाच अज्जांची समाधी, तेव्हा माळाला फेरी म्हणजे समाधीला फेरी. डावी फेरी म्हणजे उलटी प्रदक्षिणा, ती आपण घालायची नाही, असं एके दिवशी ईरण्णाने जाहीर केलं. समाधीचे पंच हावगेप्पा पहिल्यापासून कुरकुरत होते, ते खूश. मामंजींच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र बघतच राहिले. हा माणूस लिंगपूजेला बसायचा तर अत्तींना दोनदा हाक मारावी लागायची. इतका भक्त कधी झाला कोण जाणे!

बरं, उजवीकडून तर उजवीकडून. मी म्हटलं, मीही उजवी घालते, सगळेच घालू, पण एक काय ते ठरवा. तर ईरण्णा म्हणतो, तुला मास्तरांनी डावी शिकवलीय, तू डावी घाल. हात बसलाय तो कशाला मोडतेस? आभाळ केवढं मोठं हाय, गौरा!

आभाळ मोठं आहे, उतरायची जागा एकच आहे. मन्नाएखेळ्ळीच्या बाजाराला चार दिशांनी गाड्या येतात. शिवारात कोण कुठून हाकतो ते कुणी विचारत नाही. वेशीत मात्र एक गाडी आत येताना दुसरी बाहेर घातली की जू अडकतं, शिव्या सुरू होतात. पण तिथे बैल तरी थांबतात. आमच्याकडे थांबणारं काही नाही.

हे सगळं त्याला सांगितलं. हसला. गालाला हात लावायला आला. मी उठून गेले.

२३ जानेवारी, सोमवार

टाळ्यांचा अर्थ आज कळला!

हावगेप्पा आले. डोक्याला नवा रुमाल, मागे गावातले आणखी तिघे. मला वाटलं, परवाच्या प्रकाराबद्दल मामंजींना चार शब्द सुनावतील. तर माझ्यापुढे हात जोडले!

“सूनबाई, मंगळवारी काय दाखवलं तुमी! पालखी अन् नंदीध्वज भेटावं तशी भेटली की हो दोनी इमानं! सामोरासमोर आली, भेटली, अन् सरली. आमच्या अंगावर काटा आला.”

माझ्याही आला होता, अप्पा. पण वेगळा.

माघी पौर्णिमेच्या जत्रेत अज्जांची पालखी समाधीला उजवी फेरी घालते आणि गावाकडून नंदीध्वज, म्हणजे नंदीची उंच सजवलेली काठी, सामोरा येतो. दोन्ही तोंडाला तोंड लागेपर्यंत जवळ येतात, टेकतात, मग बाजूला होतात. तीच भेट. ती पाहायला लोक उपाशी उन्हात उभे राहतात. पाठीमागून येणं म्हणजे अपमान. मानाचं ते सामोरं येतं. हे मला ठाऊक आहे, दरवर्षी मीही हात जोडते. पण पालखी माणसं उचलतात, माणसं थांबतात!

यंदा त्यांना भेट आभाळात हवी आहे. पिवळं विमान पालखी — उजवी फेरी घालणार, फुलं टाकणार. निळं नंदीध्वज — गावाकडून सामोरं येणार. “मंगळवारी केलं तसंच. जरा आणि जवळून!”

मामंजी फुलून गेले. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना बोलावायचं, मांडव घालायचा, सगळं तिथेच ठरलं. मी म्हटलं, मंगळवारी भेट नव्हती, आम्ही मरत होतो. हावगेप्पा हसले. म्हणाले, “देवाच्या दारात धक्का लागतोच की, अक्का. धक्का लागून कोण मेलंय?”

मी म्हटलं, मी हे करणार नाही.

मामंजी म्हणाले, “सूनबाई, हा माळ समाधीच्या इनामाचा हाय. पंचांनी दिला म्हणून आपण उडतोय.”

मी पुन्हा म्हटलं, करणार नाही. दोघं एकाच बाजूने फिरा, मागे-पुढे अंतर ठेवा, हवी तेवढी फुलं टाका, मी स्वतः उडवते. सामोरं येणार नाही.

चहा तसाच राहिला सगळ्यांचा.

२४ जानेवारी

मी विमानाला हात लावायचा नाही, असा मामंजींचा हुकूम. निळं शिवय्या उडवणार! शिवय्या म्हणजे ईरण्णाचा चुलतभाऊ. मास्तर जाण्याआधी जेमतेम एकटा उडायला लागलेला. चांगला मुलगा आहे. सांगितलं तेवढं करतो, न सांगितलेलं त्याला सुचत नाही.

माझं विमान. माझं!

२६ जानेवारी, गुरुवार

शिवय्याला गाठलं. अंगणात दोन पाट मांडले, एक त्याचं विमान, एक ईरण्णाचं. म्हटलं, कुठे वळशील? “दादा उजवीकडं वळणार हाय म्हणं. मी सरळ ऱ्हायचं.” आणि दादा नाही वळला तर? त्याने पाट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. “दादा कामून वळंना, वैनी?”

तेच तर! त्या मंगळवारी दादा का वळला नाही? ईरण्णाला विचारलं की एकच उत्तर — “तू वळलीस ना.” हट्ट आहे हा. पुरुषाने बायकोसाठी वाट सोडायची नाही, तो हट्ट. रस्त्यातही असले असतात, तोंडावर पानाची पिंक टाकतील पण बाजूला होणार नाहीत. माझा नवरा तसला निघावा!

म्हटलं, निदान एकदा सराव करा, उंचावर, गावापासून लांब. मामंजींनी हावगेप्पांना विचारलं. उत्तर आलं — देवाच्या भेटीची तालीम करत नसतात.

२८ जानेवारी

ईरण्णाशी भांडण. सगळ्यात मोठं. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी त्याला म्हटलं, तू भित्रा आहेस, बापाला नाही म्हणायची हिंमत नाही तुझ्यात. त्याचा चेहरा उतरला. एकदा वाटलं, काहीतरी सांगणार. मग म्हणाला, “तसंच समज.”

मला रडू आलं. राग आला की येतं, त्याला इलाज नाही.

३० जानेवारी, सोमवार

सुचलं!

अत्ती समाधीच्या प्रसादाचं धान्य निवडत होत्या. सहज म्हणाल्या, “यंदा ईरण्णा एकटाच मान करणार. लग्न झालेल्यानं एकट्यानं मान केलेला मी तर बघितला न्हाई बाई.” हातातलं सूप खाली ठेवून मी तडक चपला घातल्या.

हावगेप्पा समाधीच्या ओट्यावर होते. पदर नीट घेतला, वाकून नमस्कार केला. म्हटलं, अप्पा, पालखीचा मान जोडीने करायचा की एकट्याने?

“जोडीनंच. विचारायची गोष्ट हाय व्हय?”

मग पिवळ्या विमानात पुढची खुर्ची मोकळी का? फुलं कोण टाकणार? दांडा धरणारा नवरा फुलंही टाकणार? बायको खाली मांडवात आणि नवरा वर — असला मान अज्जांना चालतो?

हावगेप्पा अडकले! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, उपरण्याने तोंड पुसलं. मामंजींचा हुकूम त्यांना माहीत होता. पण विमानाला हात लावायचा नाही हा हुकूम घरचा, आणि मान देवाचा. शेवटी म्हणाले, “जोडीनं बसा. पण हात फुलांना लावायचा, बाकी कशाला न्हाई.”

व्हय म्हटलं. पुढच्या खुर्चीतही दांडा असतो, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यासाठी दोन्हीकडे सारखाच, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मामंजी रागाने लाल झाले. पण पंचांचा शब्द! मला मनापासून आनंद झाला. झाला, लिहायला कशाला लाजू!

२ फेब्रुवारी

ईरण्णा म्हणतो, “येऊ नगंस.” दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. कारण सांगत नाही. रुबाब दाखवायला अडचण होत असेल माझी.

येणार.

४ फेब्रुवारी, शनिवार. माघी पौर्णिमा

हात अजून झेंडूच्या वासाचे आहेत.

माणूसच माणूस. दुबलगुंडीकडून, हुमनाबादकडून, बैलगाड्या थेट ओढ्यापर्यंत सोडलेल्या. मांडवात तालुकदारसाहेब. मी नवी इरकल नेसलेली, वरून कातडी टोपी आणि चष्मा. बायका हसून हसून लोळल्या. अत्ती हसल्या नाहीत. माझ्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाल्या, “बघत ऱ्हा, बाई.” एवढंच.

मी पुढे, ईरण्णा मागे. मांडीवर फुलांची टोपली. मध्ये बोलायची नळी. चढलो तेव्हा त्याचा हात छान शांत होता, नेहमीसारखा. घुमट उजव्या हाताला घेतला. पहिली फेरी. मी मूठ मूठ फुलं सोडली. खालून जो आवाज उठला तो इंजिनावरही ऐकू आला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की उगाच भांडले. किती सुंदर होतं ते!

दुसऱ्या फेरीला गावाकडून शिवय्या निघाला. डाव्या अंगाने येत होता, आमच्याच उंचीवर. मी नळीत म्हटलं, “आला बघ, डावीकडून.” विमान तसंच. शिवय्या मोठा व्हायला लागला. पंख दिसले, मग पंखांमधल्या तारा दिसल्या. “डावीकडून, ईरण्णा! वळ!” — नावाने हाक मारली, प्रथमच. आणि नळीतून त्याचा आवाज आला, अगदी शांत:

“कुठं हाय?”

कुठं हाय! आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, डावीकडे आंब्याच्या झाडाएवढं निळं विमान, आणि कुठं हाय!

टोपली सोडली. दांडा दोन्ही हातांनी धरला, उजवीकडे लोटला, नाक खाली घातलं. एक क्षण तो मागून विरोध करत होता, मग त्याने सोडून दिलं. शिवय्या डोक्यावरून गेला. त्याच्या तेलाचा थेंब माझ्या चष्म्यावर पडला. टोपली उपडी झाली आणि सगळी फुलं एकदम घुमटावर, पालखीवर, माणसांवर.

उतरलो तर हावगेप्पा रडत होते. “असली भेट जन्मात बघितली न्हाई!” तालुकदारसाहेबांनी मामंजींचे हात हातात घेतले. आम्हाला हार घातले. शिवय्या मात्र पत्र्याच्या शेडमागे ओकत होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, “वैनी, दादानं माझ्याकडं बघितलंच न्हाई.”

गर्दी ओसरल्यावर ईरण्णाला शेडमध्ये गाठलं. हार काढून फेकला त्याच्या पायाशी. म्हटलं, मरताना थट्टा सुचते तुला? कुठं हाय म्हणे! त्या मंगळवारी बायको होती म्हणून हलला नाहीस, आज भाऊ होता. कुणासाठी हलशील तू? तो विमानाच्या अंगावरून हात फिरवत राहिला.

मी एकटीच चालत घरी आले. जत्रेतून, कातडी टोपी घालूनच. लोक बघत होते. बघू दे.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी त्याने सांगितलं. दिवाळीपासून डाव्या डोळ्याने दिसत नाही. आधी धूसर, आता काहीच नाही. घुमट उजव्या हाताला ठेवून उजव्या डोळ्याने त्याच्याकडेच बघत राहिलं की निभतं, म्हणून उजवी फेरी. त्या मंगळवारी मी त्याला दिसलेच नव्हते. उतरल्यावर टाळ्या आणि माझं ओरडणं ऐकून कळलं की कुणीतरी जवळून गेलं. एका घरात राहून मला कळलं नाही!

“कुणाला सांगू नगंस, गौरा. बाबा इमानं ठेवणार न्हाईत. तुजंबी जाईल.”

मामंजी पूजेवरून उठेपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईक शोधायला हैद्राबादला माणूस धाडला. दोन्ही विमानांसाठी. पिवळं आणि निळं.

ईरण्णा म्हणाला, “वैरीण हायस तू.”

असेन. जिवंत आहे ना तो, मग म्हणू दे काय म्हणायचं ते.